जुन्या १६१३ ट्रकचं हेड बदलताना

आमची टाटा १६१३ ही ६९७ मॉडेलच्या डिझेल इंजिनाची, वडिलांनी घेतलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती टँकरवर होती. लोकांना प्यायला पाणी नव्हतं, मग रेडिएटरला चांगलं पाणी कुठून आणणार? बोअरचंच टाकत गेलो. त्याची किंमत गेल्या दिवाळीनंतर मोजली.

ऊस वाहतूक सुरू होणार त्याच आठवड्यात गाडी पाणी खाऊ लागली. लोड लागला की तापमानाचा काटा लालवर. ऑइलची काडी ओढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलं. चौथ्या सिलिंडरच्या दोन सीटांमधल्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांमधल्या) पट्टीत केसाएवढी चीर. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटले, पण हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. नीट तापवून, हळूहळू थंड केलं नाही तर शेजारी दुसरी चीर जाते. आम्ही नको म्हटलं.

भंगारात निघालेल्या गाडीचं एक हेड मिळालं. दिसायला स्वच्छ, रंगही मारलेला. मिस्त्री म्हणाले, "पैसे नंतर द्या, आधी प्रेशर टेस्ट." पाण्याच्या वाटा बंद करून, गरम पाण्यात बुडवून हवा सोडली, तर नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) भोकापाशी बुडबुडे. परत केलं. दुसरं हेड टेस्टला टिकलं, ते घेतलं. जुनं हेड घेणाऱ्यानं ही टेस्ट केल्याशिवाय त्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक्झॉस्टच्या सीट झिजून खोल गेल्या होत्या. तिथं लेथवर खाचा मारून कडक सीट-रिंगा बसवल्या: हेड तापवायचं, रिंग बर्फात ठेवायची आणि झटक्यात ठोकायची. व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ते गाइड नवे. मग सीट कापून पेस्टनं व्हॉल्व्ह घासले, डिझेल ओतून गळती बघितली. पट्टी ठेवून फिलर गेज घातली तर हेड मधे वाकलेलं, म्हणून फेसिंग केलं, म्हणजे मशिनवर खालची बाजू घासून सपाट केली.

खरं नाजूक काम इथून पुढं होतं. फेसिंगमुळं व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून ते सीटमध्ये किती खोल बसतात हे मिस्त्रींनी बाराही व्हॉल्व्हचं मोजलं. नोझलचं टोकही तेवढंच जास्त बाहेर येतं, तिथं जाड तांब्याचा वायसर घालून माप परत आणलं. हे सोडलं तर डिझेल नको तिथं पडतं, गाडी धूर मारते, आणि माणूस पंपावर खर्च करत बसतो.

हेड चढवायच्या आधी मिस्त्रींनी विचारलं, "कुठलं पाणी टाकताव?" बोअरचं, म्हटलं. त्यांनी ब्लॉकच्या बाजूच्या बुच्या काढून दाखवल्या. आत राखाडी खार, पाण्याची वाट बोटाएवढीसुद्धा उरली नव्हती. हेड बदललं असतं आणि सहा महिन्यांत हेही तडकलं असतं. दीड दिवस तारेनं खरवडून ब्लॉक धुतला. रेडिएटरही उघडून साफ केलं.

मग हेड आणि ब्लॉकच्या मधे नवं गॅस्केट. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या टॉर्क रेंचनंच. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सिलिंडरांच्या १-५-३-६-२-४ या क्रमानं, थंड इंजिनावर इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. तास-दीड तास चालवून, थंड करून बोल्ट आणि टॅपेट पुन्हा बघितले. खालचं ऑइलचं चेंबर धुऊन ऑइल बदललं, थोड्याच किलोमीटरनंतर परत एकदा. आता रेडिएटरमध्ये आरओचं पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही.

पहिला लोड घेऊन बीडहून निघालो. मांजरसुंब्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढताना माझी नजर रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त होती. काटा मधोमध उभा. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि हेडच्या कडेनं बोट फिरवून बघितलं. कोरडं होतं. वडिलांना फोन लावला.