टोक मोकळं, तरी करंट वाहतो कसा?

पाचोरा असो की शहादा, छतावरच्या अँटेनाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच: "भाऊ, तारेची दोन्ही टोकं तर मोकळी. सर्किटच पुरं होत नाही, मग करंट वाहतो कसा आणि लहर सुटते कशी?" शंका रास्त आहे. बॅटरी जोडली तर खरंच काही वाहत नाही.

गुरांना पाणी पाजायचा लांब हौद घ्या. मधोमध हात घालून पाणी लयीत ढकललं की ते हेलकावे खातं. दोन्ही भिंतींपाशी पातळी वरखाली होते, पण तिथे पाणी सरकत नाही. मध्यावर पातळी जवळपास तीच, सरकणं मात्र सर्वांत जास्त. तारेतले इलेक्ट्रॉन असेच हेलकावतात. टोकांशी व्होल्टेज जास्त आणि करंट शून्य, मध्यावर बरोबर उलट.

आता लहर. इलेक्ट्रॉनने वेग बदलला ही खबर त्याच्या लांबवरच्या विद्युतक्षेत्राला लगेच लागत नाही, ती सेकंदाला ३ लाख किलोमीटरनेच जाते. जवळचं क्षेत्र नव्या हालचालीप्रमाणे वळलेलं, लांबचं अजून जुन्याच. मधे जो वाक पडतो तोच बाहेर धावतो, विहिरीत सोडलेल्या दोराला वरून झटका द्यावा तसा. वाक आडवा असतो, म्हणून तारेच्या टोकांच्या दिशेला काहीच सुटत नाही. सगळा जोर बाजूंना. लहर पकडतानाही हेच.

लांबीचं गणित सोपं. हेलकावा लयीत बसायला अँटेना तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास लागतो; जमिनीवर उभ्या मनोऱ्याला पाव पुरतो, उरलेल्या पाव भागाचं काम जमीन करते. जळगाव आकाशवाणीच्या ९६३ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३११ मीटर, तिचा पाव भाग ७८ मीटर. म्हणून मीडियम वेव्हला अख्खा मनोराच अँटेना. एफएमला १०० मेगाहर्ट्झवर तरंगलांबी ३ मीटर. तिच्या निम्म्यातून टोकांच्या परिणामापोटी ५ टक्के वजा करा, म्हणजे ७१ सेंटीमीटरच्या दोन नळ्या. ठिबकच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपावर त्या एका रेषेत बसवा, मधे दोनेक सेंटीमीटर फट ठेवा. ७५ ओहमच्या टीव्ही केबलची मधली तार एका नळीला, जाळी दुसरीला. अशा अँटेनाचा रोध ७३ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे जुळणी आपसूक होते.

बिघाड बहुधा सांध्यात. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकतो, नाहीतर पहिल्याच पावसात केबलमध्ये पाणी उतरतं. पत्र्याला लगटून बांधलं तर पत्र्यात उलटा करंट उठतो आणि आलेली लहर मारतो, तेव्हा निदान दीड मीटर वर घ्या. आणि नळीचं टोक बंदुकीसारखं स्टेशनकडे रोखू नका, तिकडे नळीची कूस करा.