पन्नास हजारांचा सोफा आणि बारा हप्ते

कर्ज फेडायला निघालेल्या माणसाला जो तो काटकसरीचा सल्ला देतो आणि तो सल्ला हमखास चहा, रिक्षा आणि बाहेरच्या खाण्यापाशी येऊन थांबतो. आमच्या नाशिकमध्ये रविवारची मिसळ चैनीत मोडते की नित्यकर्मात, यावरच एकमत होणार नाही, हा भाग वेगळा. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते, त्यामुळे घरचा जमाखर्चही मार्चअखेर एकदा नीट मांडून पाहण्याची सवय आहे. तो मांडला की मिसळ, भाजी, रिक्षा, दूध यांचे आकडे थोड्याफार फरकाने जागच्या जागीच असलेले दिसतात. कर्जाची मुदत खरी लांबवतात त्या वर्षातून एखाद्या वेळी घरात येणाऱ्या मोठ्या वस्तू. त्यांची चर्चा मात्र खर्च म्हणून होतच नाही, ती 'घरासाठी काहीतरी केले' या सदरात जाते.

आमच्यावर दोन कर्जे आहेत. एक पाथर्डी फाट्याच्या सदनिकेचे गृहकर्ज आणि दुसरे सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी घेतलेले वैयक्तिक कर्ज. दुसऱ्याचे व्याज पहिल्यापेक्षा बरेच जास्त असल्यामुळे हाती येणारा जादा पैसा आधी तिकडे जातो, आणि ते आता संपत आले आहे. माझ्या मनात जी गणिते चालू असतात ती त्यानंतरची, म्हणजे गृहकर्जाची आहेत.

सोयीसाठी गोल आकडे घेते. वीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज, म्हणजे हप्ता साधारण १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम ३,१८९ रुपये. तीन वर्षांत आपण सव्वासहा लाख रुपये भरलेले असतात आणि मुद्दल उतरलेले असते ते फक्त एक लाख तीस हजारांच्या आसपास. हे कोष्टक बँकेकडे मागितले की मिळते, पण ते पाहण्याचे धैर्य फार कमी जण करतात. आता याच टप्प्यावर, तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, पन्नास हजार रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे जवळजवळ बारा हप्ते गळून पडतात. व्याजाची बचत दीड लाखाच्या घरात जाते. दुकानात पन्नास हजारांचा सोफा दिसला की मला त्याच्यावर ही बारा हप्त्यांची चिठ्ठी डकवलेली दिसते.

यावर आमच्या घरातला आक्षेप असा, की ते बारा हप्ते सतरा वर्षांनंतरचे आहेत आणि तेव्हाच्या सतरा हजारांना आजच्या सतरा हजारांचे मोल राहणार नाही. आक्षेप रास्त आहे आणि दीड लाखाचा आकडा सांगताना तो लपवू नये. परंतु साडेआठ टक्के दराने व्याज वाचणे म्हणजे तेवढा परतावा कोणतीही जोखीम न घेता मिळणे, आणि तोही करमुक्त. मुदत ठेवीत तो मिळत नाही. 'गृहकर्जावर करसवलत मिळते, मग फेडायची घाई कशाला' हा जुना युक्तिवादही नव्या करप्रणालीत गेलेल्यांना लागू पडत नाही, कारण स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट तिथे नाही.

मोठ्या खरेदीला विरोध करायचा म्हणजे दुकानदाराला विरोध करायचा, असे मला सुरुवातीला वाटायचे. दुकानदार त्यातला सोपा भाग आहे. वर्षात मुहूर्त साडेतीनच असले तरी जाहिरातींना बाराही महिने मुहूर्त असतो, हे एकदा लक्षात आले की 'आजच शेवटचा दिवस' या वाक्याची भीती राहत नाही. मागच्या दसऱ्याच्या सुमारास कॉलेज रोडवरच्या एका दुकानात आम्ही दूरचित्रवाणी संच नुसताच पाहायला गेलो होतो. तिथल्या मुलाने किंमत विचारल्यावरही किंमत सांगितली नाही. त्याने मोबाइलवर आकडेमोड केली, एका कार्डाच्या मागे 'महिना फक्त' असे लिहून पुढे रक्कम टाकली आणि ते कार्ड माझ्या हाती न देता ह्यांच्या हाती दिले. एकूण किंमत मी तीनदा विचारल्यावर मिळाली. मग मी त्याला विचारले, की व्याज शून्य आहे म्हणता, तर हीच वस्तू सगळे पैसे आत्ता देऊन घेतली तर किती कमी कराल? तो आतल्या साहेबांना विचारून आला आणि किंमत खाली आली. जेवढी खाली आली, तेवढे ते शून्य व्याज.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. तेव्हापासून शब्द बदलले, रचना फारशी बदलली नाही. आता 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतात. त्यात व्याज आकारलेले असते आणि तेवढीच सवलत विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते, त्यामुळे बेरीज जुळते. पण प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा अठरा टक्के जीएसटी त्या बेरजेत नसतो. क्रेडिट कार्डावर हप्ते केले असतील तर प्रत्येक हप्त्यातल्या व्याजाच्या भागावरही जीएसटी लागतो. रक्कम मोठी नसते, हे मान्य. माझी हरकत रकमेला नाही, कर्ज फेडत असताना महिन्याच्या पगारातला आणखी एक कोपरा वर्षभरासाठी दुसऱ्याच्या नावे होण्याला आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, बत्तीस इंचांहून मोठे टीव्ही आणि भांडी धुण्याची यंत्रे यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या सोसायटीत जणू एसीची साथ आली. करासकट चाळीस हजारांना मिळणारा एसी साधारण ३६,८७५ रुपयांना मिळू लागला, म्हणजे ३,१२५ रुपये वाचले. वाचण्यासाठी आधी ३६,८७५ रुपये घालावे लागतात, एवढेच. नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, हे खरे आहे. पण तेव्हाची हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. आमचा कूलर जुना आहे; दरवर्षी त्याच्या जाळ्या बदलतो आणि पंपातला गाळ काढतो. जूनमध्ये ढग आले की तो निरुपयोगी होतो, चिकचिक होते, आणि ते दोन-तीन आठवडे घरात माझ्याशी कुणी फारसे गोड बोलत नाही.

फ्रिजची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण दुरुस्ती की नवा हा प्रश्न बहुतेक घरांत याच वस्तूपासून सुरू होतो. आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा थर साचू लागला, यंत्र सतत घरघरू लागले आणि विजेचे बिल चढले. घरात एकमुखाने ठरले, की फ्रिज गेला. मी दारात दहा रुपयांची नोट धरून दार लावले आणि नोट ओढून पाहिली. वरच्या बाजूला ती अडकली, बिजागरीजवळच्या खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद बाहेर आली. (ज्या शहरात नोटा छापल्या जातात तिथे नोटेचा हा उपयोग शोभून दिसतो.) दाराच्या कडेच्या रबरात लोहचुंबकाची पट्टी असते. रबर कडक होऊन तडकले की दार लागल्यासारखे दिसते, पण बाहेरची दमट हवा आत जात राहते. तिचा बर्फ होतो, आणि कॉम्प्रेसर बिचारा थांबतच नाही. सिडकोतल्या एका मेकॅनिकने जुने रबर खोबणीतून ओढून काढले, खोबणीत बसलेला काळा चिकट मळ चमच्याच्या दांड्याने खरवडला, नवे रबर गरम पाण्यात घालून मऊ केले आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून बोटांनी दाबत दाबत बसवले. मग त्यानेही नोट लावून पाहिली. नव्या फ्रिजच्या किमतीच्या विसाव्या भागातही हे काम बसले.

'नवा घेतला तर वीज वाचेल' हे वाक्य त्या दिवसांत मी अनेकांच्या तोंडून ऐकले. फ्रिजवर ताऱ्यांची जी चिठ्ठी असते, तिच्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते लिहिलेले असते, तेव्हा हा हिशेब कोणालाही करता येतो. समजा जुना फ्रिज वर्षाला साडेतीनशे युनिट खातो आणि नवा दोनशे. वाचलेली दीडशे युनिटे दहा रुपयांच्या भावाने धरली तर वर्षाला दीड हजार रुपये होतात. तीस हजारांचा फ्रिज या बचतीतून वसूल व्हायला वीस वर्षे लागतील, आणि वीस वर्षे टिकणारा फ्रिज आता कोणी बनवते का, हे मला ठाऊक असण्याची गरज नाही. महावितरणचे दर टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे वापर वरच्या टप्प्यात असेल तर बचत थोडी अधिक दिसेल. तरीही केवळ विजेसाठी चालता फ्रिज काढून टाकणे हे हिशेबात बसत नाही.

खरा कठीण भाग माणसांचा. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतो आहे आणि आमच्या नातेवाईकांत त्याची तयारी आतापासून सुरू आहे. म्हणजे ते येणार आहेत आणि तयारी आम्ही करायची आहे. पुण्याच्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, तोवर बाहेरच्या खोलीत एक सोफा-कम-बेड तरी करून घे, एवढी माणसं झोपणार कुठे?" त्या मनाने चांगल्या आहेत आणि त्यांचे म्हणणे तसे चुकीचेही नाही. पण २०१५ च्या पर्वणीच्या वेळी आम्ही पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तेव्हाही माणसे आली होती आणि गच्चीवर गाद्या टाकून, ताडपत्री बांधून झोपली होती. त्या रात्रीच्या गप्पांची आठवण जाऊबाईच दर दिवाळीला काढतात. हे मी त्यांना ऐकवले नाही. मोठ्या जावेला असे ऐकवायचे नसते. "बघू, यांच्याशी बोलते," एवढेच म्हणाले आणि भाड्याने गाद्या देणाऱ्या मंडप डेकोरेटरचा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवला.

हळदीकुंकवाच्या वेळीही हेच. आमचा सोफा एका बाजूने खचला आहे आणि त्या बाजूला कोणी बसू नये म्हणून आई तिथे आधीच जाऊन बसतात. सासूबाईंचा हा मुत्सद्दीपणा मला फार आवडतो. त्यांना कर्जाचा धसका आहे, कारण त्यांच्या माहेरी सावकाराकडे दागिने अडकलेले त्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाला त्यांचे उत्तर नेहमी 'लोक हप्ता भरणार आहेत का' असे असते. सगळ्या घरांत असे वडीलधारे माणूस नसते. असेल तर अर्धी लढाई जिंकल्यात जमा आहे.

मात्र 'नाही' म्हणण्याचा अट्टाहास झाला की त्याचीही किंमत द्यावी लागते, आणि ती बहुधा घरातल्या बाईच्या अंगावर पडते. धुलाई यंत्र बंद पडले तेव्हा 'काही दिवस हाताने धुऊ' असे सुचवले गेले, आणि ते कोणी सुचवले हे मी इथे लिहीत नाही. आईंचे गुडघे दुखतात, मी साडेआठला घराबाहेर पडते, आणि नाशिकच्या जानेवारीतल्या थंडीत पहाटे चादरी पिळणे हा काटकसरीचा प्रकार नव्हे. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या पुढे जात होता, तेव्हा आम्ही नवे घेतले, पण साधे, वरून कपडे टाकायचे, आणि हप्त्यावर नाही. त्यासाठी बँकेत एक छोटी आवर्ती ठेव असते. मोडणाऱ्या वस्तू मोडणारच आहेत हे गृहीत धरून ती चालवायची आणि संपली की पुन्हा सुरू करायची. कर्ज लवकर फेडण्याच्या उत्साहात ही ठेव बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. पहिला गिझर फुटला की ते पुन्हा क्रेडिट कार्डावर येतात, आणि त्या थकबाकीचे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्याही वर जाऊ शकते.

सध्या मला सर्वांत अधिक सावध राहावे लागते ते वैयक्तिक कर्ज संपत आल्यामुळे. शेवटचे काही हप्ते उरले की बँकेचे फोन वाढतात. 'मॅडम, तुमच्यासाठी टॉप-अप मंजूर आहे.' म्हणजे आहे त्याच कर्जावर आणखी कर्ज. घरातही कोणाच्या तरी मनात तो मोकळा होणारा हप्ता आधीच खर्च झालेला असतो. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आला. रेपोशी जोडलेल्या आमच्या गृहकर्जाचा दर उतरला तेव्हाही असेच झाले होते: हप्ता कमी करून घेऊ आणि फरकात काहीतरी घेऊ, असा विषय निघाला. आम्ही हप्ता तोच ठेवला, मुदत कमी झाली.

म्हणून या वेळी अर्ज आधीच लिहून ठेवला आहे. वैयक्तिक कर्जाचा शेवटचा हप्ता गेला की पुढच्या महिन्यापासून तेवढीच रक्कम गृहकर्जात जादा भरली जाईल. व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे खर्च काही नाही. अर्जात 'हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी' हे वाक्य स्पष्ट लिहावे लागते आणि पोच घ्यावी लागते, नाहीतर शाखेत कोणीतरी आपल्या सोयीने हप्ता कमी करून टाकतो. सोफ्याचा फोम आणि कापड मात्र पावसाळा संपल्यावर बदलून घेणार आहोत. दोघांकडून भाव घेतले आहेत. सातपूरचा कारागीर थोडा महाग आहे, पण सागवानी सांगाडा त्याने उलटा करून पाहिला आणि अजून पंधरा वर्षे चालेल असे सांगितले, तेव्हा काम बहुधा त्यालाच देऊ.