कारणे द्या

अमेरिकेत ओहायो राज्याच्या ग्रामीण भागात वाढलेल्या मुलांना ‘फोर-एच’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकांनी १९०२ मध्ये याच राज्यातील क्लार्क कौंटीत मुलामुलींचे एक शेती मंडळ सुरू केले, त्यातून मुलामुलींना प्रत्यक्ष कामातून शिकवणारी ही चळवळ वाढत गेली. पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यामुळे कृषी विद्यापीठांच्या विस्तार सेवेचा, म्हणजे शेतीचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा, तिला कायमचा आधार मिळाला. आमच्या घरात शेती नव्हती, गोठा तर नव्हताच. शेजारच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याने आपली जर्सी कालवड मला हंगामापुरती सांभाळायला दिली आणि मी मंडळात दाखल झाले.

कालवडीला मोरकी घालून चालायला शिकवणे, रोज खरारा करणे, चारा आणि औषधपाणी यांचा हिशेब नोंदवहीत उतरवणे, ही सारी कामे मी केली आणि ती मला आवडलीही. जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात पांढरे कपडे घालून रिंगणात उतरण्याचा थाट तर कोणत्याही मुलाला भुरळ घालणारच. परंतु या सगळ्यात मला खरोखर घडवले ते फारसे कोणी छायाचित्र न काढणाऱ्या एका स्पर्धेने. तिच्यात आपले जनावर नसतेच. दुसऱ्यांची जनावरे पाहून त्यांचा क्रम लावायचा आणि तो तसा का लावला हे परीक्षकासमोर उभे राहून सांगायचे.

चार गायी एका ओळीत उभ्या असतात. त्यांना एक ते चार असे क्रमांक दिलेले असतात, आणि ठरलेल्या मिनिटांत आपला क्रम कार्डावर लिहून द्यावा लागतो. क्रम तंतोतंत जुळला तर पन्नास गुण. चुकला तर किती गुण जातील हे त्या दोन गायींत फरक किती यावर ठरते: जवळपास सारख्या असलेल्या गायींची अदलाबदल झाली तर थोडक्यात निभावते, पण डोळ्यांत भरण्याइतका फरक ज्याला दिसला नाही त्याची खैर नाही. चूक आणि घोडचूक यांना वेगवेगळी किंमत लावणारी ही पद्धत मला शाळेच्या परीक्षांपेक्षा कितीतरी न्याय्य वाटत आली आहे.

गाय पाहायची म्हणजे आधी कास पाहायची. तिकडच्या दुभत्या गायींच्या गुणपत्रिकेत शंभरपैकी चाळीस गुण एकट्या कासेला असतात. उरलेल्यांत मागचे पाय व खूर, दुधाळपणा आणि शरीराचा सांगाडा येतो. अशाच एका ओळीतली, तीन क्रमांक दिलेली गाय मला अजून आठवते. उंच, तुकतुकीत, मान डौलात धरलेली, पाहताक्षणी पहिला नंबर द्यावा अशी. मागे जाऊन वाकून पाहिले तेव्हा तिच्या कासेचा तळ मागच्या पायांच्या मधल्या सांध्याच्याही खाली उतरलेला दिसला, आणि दोन भागांमधली खाच जवळजवळ नाहीशी झालेली होती. अशा गायीची कास वेतागणिक आणखी ओघळते, सडांना इजा होते, यंत्राने दूध काढणे अवघड जाते. तिला चौथी ठेवावी लागली.

त्यानंतर कारणे. हातात कागद नाही, वेळ साधारण दोन मिनिटे, आणि समोर चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा परीक्षक. ‘ही गाय चांगली आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणापेक्षा आणि कशात सरस, ते सांगायचे. आपण लावलेल्या क्रमातली वरची जोडी, मधली जोडी, खालची जोडी, असे तीन वेळा. यातला सर्वांत कठीण भाग असा की, प्रत्येक वेळी खाली ठेवलेल्या गायीचे गुणही आपणच कबूल करायचे असतात. ‘तिसरी गाय अधिक उंच व ऐटदार आहे हे मी मान्य करते, परंतु’ असे वाक्य बोलल्याखेरीज तिला शेवटी ठेवण्याचा अधिकार मिळत नाही. घरी मी आरशासमोर सराव करायचे तेव्हा, ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नावर वाढलेली आई दारात उभी राहून ऐकायची आणि शेवटी हटकून विचारायची, “अगं, पण ती गाय चांगली की वाईट, ते सांग ना!”

जत्रेतल्या मुख्य परीक्षकालाही हाच नियम लागू असतो, फक्त त्याच्या हातात ध्वनिक्षेपक असतो. निकाल लावून तो निघून जात नाही; प्रत्येक जनावर आपल्या जागी का आहे हे सगळ्या पालकांसमोर मोठ्याने सांगतो. माझी कालवड एकदा शेवटून दुसरी आली. रिंगणातील सर्वांत सरळ पाय हिचेच, असे त्याने आधी मान्य केले आणि मग छाती अरुंद असून बरगड्यांना पुरेसा विस्तार नाही, असे सांगितले. बाबा गाडीत बसेपर्यंत धुसफुसत होते. मी मात्र गप्प होते, कारण तिला मीदेखील तिथेच उभे केले असते.