घाटरस्त्यावरच्या कामासाठी व्हॅन निवडताना : माझा अनुभव

सातारा, वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर या पट्ट्यात मी एसी आणि कोल्ड रूम बसवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतो. हॉटेले, औषधांची गोदामे, आइस्क्रीमची दुकाने आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे बागायतदार हे आमचे ग्राहक. स्ट्रॉबेरीच्या भर हंगामात कोल्ड रूम बंद पडली, तर माल मऊ पडायला वेळ लागत नाही. म्हणून गाडी वेळेवर पोहोचणे, आणि तिच्यातून उतरणारा माणूस पुढचे दोन-तीन तास हात स्थिर ठेवून ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्या तापवून धातूने जोडण्याचे काम) करू शकेल अशा अवस्थेत असणे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. भाड्याच्या टेम्पोवर काम चालवणे परवडेनासे झाले, तेव्हा स्वतःची व्हॅन घ्यायचे ठरवले.

शोरूममध्ये जाण्याआधी मी एका सामान्य दिवसाचे सगळे सामान दुकानात एका जागी काढले. व्हॅक्यूम पंप, ब्रेझिंगचा संच, नायट्रोजनचे लहान सिलिंडर, एसीत भरायच्या आर-32 आणि आर-410ए गॅसच्या टाक्या, तांब्याच्या नळीची वेटोळी, घडीची शिडी, ड्रिल आणि एक आउटडोअर युनिट. मग जमिनीवर खडूने प्रत्येक व्हॅनच्या माहितीपत्रकातील लांबी-रुंदीचे चौकोन आखून ते सामान त्यात मांडून पाहिले. या मांडणीतून कळले की आमची अडचण वजनाची नसून उंचीची आहे. आउटडोअर युनिट आडवे घालून नेले, तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांमध्ये उतरते. गॅसच्या टाक्याही उभ्याच बांधाव्या लागतात. एकूण भार दोन माणसे धरूनही चारशे किलोंच्या आतच भरत होता. एक टन वाहून नेणारी गाडी आम्हाला नको होती. हवी होती ती बंद, कोरडी आणि उभे सामान मावेल अशी गाडी.

साहजिकच पहिला सल्ला मिळाला तो छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, घेण्याचा. टाटा एस 2005 साली बाजारात आली आणि तेव्हापासून आमच्या भागात ती न पाहिलेला माणूस नाही. तिचे सुटे भाग आणि तिची नाडी ओळखणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सहज मिळतात, हा तिचा फार मोठा गुण आहे. परंतु उघड्या हौद्यावर ताडपत्री टाकून महाबळेश्वरच्या पावसात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग नेणे मला मान्य नव्हते, आणि वर बंद पेटी बांधून घेतली तर खर्च वाढतो. शिवाय लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर (सस्पेन्शन) बसलेली गाडी भार कमी असताना खड्ड्यांवर उडते, आणि आमची गाडी बहुतेक वेळा अर्धीच भरलेली असते. दुसऱ्या टोकाला टाटा विंगर कार्गो पाहिली. ती ऐसपैस आणि चालवायला मोटारीसारखी आहे, इंजिन पुढे असल्यामुळे केबिन शांत राहते. पण वाईच्या जुन्या पेठेतल्या गल्लीत ती वळवणे कठीण, आणि आमच्या भाराच्या मानाने ती कितीतरी मोठी. बॅटरीवरच्या गाड्यांचा विचार मनात होता. मात्र डोंगरावरच्या ज्या ठिकाणी आम्ही दिवसभर थांबतो, तेथे चार्जिंगची खात्री नसल्याने तो सध्यापुरता बाजूला ठेवला.

जुनी गाडी घेण्याचाही प्रयत्न केला. एका व्यापाऱ्याकडची व्हॅन मीटरप्रमाणे फार कमी चाललेली होती, पण क्लचच्या पॅडलचे रबर झिजून खालचा पत्रा चकाकत होता, चालकाच्या आसनाचा स्पंज उजव्या कडेला पूर्ण बसला होता आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली गंजाचे फुगे आले होते. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नोंदणीची तारीख आणि फिटनेसची (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची) मुदत दिसते, ती पाहावीच. तरीही गाडी किती राबली आहे हे पॅडल, आसन आणि तळाचा पत्रा जास्त प्रामाणिकपणे सांगतात.

शेवटी मारुती ईको कार्गो या लहान, बंद व्हॅनवर लक्ष केंद्रित केले. तिच्या विश्वासार्हतेबद्दल विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मी बेकरीचा माल पोहोचवणारे, शाळेची मुले ने-आण करणारे आणि रुग्णवाहिका चालवणारे यांना विचारले, कारण ईको या तिन्ही कामांत राबते. प्रत्येकाला प्रश्न एकच होता : गाडी शेवटची कधी बंद पडली आणि परत रस्त्यावर यायला किती वेळ लागला? गाडी कधीच बंद पडत नाही असे सांगणाऱ्यापेक्षा, क्लचप्लेट गेली होती पण संध्याकाळपर्यंत बसवून मिळाली, असे सांगणाऱ्याचे उत्तर मला अधिक उपयोगाचे वाटले.

रिकाम्या गाडीची चाचणी घेऊन कामाची गाडी निवडता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. शोरूमची गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली तर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. म्हणून ओळखीच्या एका व्यावसायिकाची ईको मागून घेतली, तिच्यात आमचे खरे सामान भरले आणि हेल्परला शेजारी बसवून वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला गेलो. ती सीएनजीची गाडी होती. चढावर वळण संपताना दुसऱ्या गिअरमध्ये ती रेंगाळत होती. चालत्या गाडीतच बटण दाबून पेट्रोलवर घेतल्यावर फरक लगेच जाणवला. कंपनीच्या आकड्यांतही तो दिसतो : पेट्रोलवर 104.4 न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ), तर सीएनजीवर 95. उतरताना इंजिनाचा ब्रेक म्हणून दुसरा गिअर कितपत आवरतो, मागचे सामान वळणावर सरकते का, अवघड वळणांवर खांद्याला किती जोर लागतो, हे सगळे त्या रस्त्यावर पाहता आले.

आरामाचा मुद्दा आपल्याकडे कामाच्या गाडीच्या बाबतीत चैनीचा समजला जातो, आणि ते मला मुळीच पटत नाही. ईकोचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. त्यामुळे दुरुस्तीसाठी आसन उचलले की इंजिन हाताशी येते आणि भर पावसात मेकॅनिकला भिजावे लागत नाही, हा फायदा. पण एप्रिल-मेमध्ये सातारा-कोरेगाव रस्त्यावर खालून येणारी ऊब मांड्यांना सतत जाणवते, ही दुसरी बाजू. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, परंतु लहान गाड्यांना तो नियम लागू नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना एसी स्वतःच मागून घ्यावा लागतो. माझ्या हेल्परची पाठ माझ्यापेक्षा लांब आहे, तेव्हा दोघांनीही आळीपाळीने चालकाच्या जागी बसून गुडघा, आरसे आणि डोक्यावरची जागा तपासली. एका माणसाच्या मापाची गाडी दुसऱ्याला रोज चालवायला लावणे बरोबर नाही.

सुरक्षिततेबाबत मी डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला. 2016 साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला एकही तारा मिळाला नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले आणि एअरबॅग आल्या, तरी पुढचे नाक आखूड आहे ही वस्तुस्थिती बदलत नाही. आमच्या गाडीत दुसरा धोका मागून असतो : जोरात ब्रेक लागला तर सुटलेले सिलिंडर थेट पाठीवर येते. म्हणून आसनांमागे मजबूत जाळी, भिंतीला लोखंडी अँगल आणि प्रत्येक टाकीला खाली-वर दोन पट्टे, हा खर्च मी गाडीच्या किमतीतच धरला. आर-32 हा सौम्य ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड वायू असल्याने गळती झाली तर तो तळाशी साठतो. त्यामुळे गाडी लावताना व्हॉल्व्ह बंद आहेत ना हे पाहणे आणि बंद गाडीत टाक्या रात्रभर न ठेवणे हा नियम केला.

इंधनाचा आणि एसीचा निर्णय घाटाने आणि उन्हाने मिळून ठरवला. सीएनजीच्या टाकीमुळे सामानाची जागा कमी होते, पंपावर रांग लागते आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागते. पण आमचे बरेचसे फिरणे सातारा आणि महामार्गाच्या आसपास असते, तेथे रोजच्या खर्चात मोठा फरक पडतो. घाटात पेट्रोलचा पर्याय आहेच. त्यामुळे एसी असलेली सीएनजी कार्गो घेतली. ज्यांचे सगळे काम डोंगरावरच आहे त्यांना मी साधी पेट्रोल गाडीच सुचवेन.

कागदपत्रांत काही गोष्टी आधीच माहीत असल्याचा उपयोग झाला. एकूण वजन 3000 किलोंपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, मात्र पिवळी नंबरपाटी आणि फिटनेसचा दाखला लागतो. नव्या गाडीला तो दोन वर्षांचा मिळतो. हेल्परकडे हलक्या मोटारवाहनाचा परवाना आहे आणि तो पुरेसा ठरतो, कारण 7500 किलोंपर्यंतच्या वाहतूक वाहनांसाठी तोच परवाना चालतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केले. मालवाहू गाड्यांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, आणि मालवाहू गाडी असल्यामुळे भरलेल्या कराची वजावटही मिळते. त्यासाठी बिलावर व्यवसायाचा जीएसटी क्रमांक असावा लागतो, तो मी बुकिंगच्याच वेळी लिहून घेतला. ताबा घेताना चासी आणि इंजिन क्रमांक बिलाशी ताडून पाहिले, टायरवरचा उत्पादनाचा आठवडा वाचला, आणि विम्यात पगारी चालक व हेल्पर यांच्यासाठीचा जादा हप्ता भरला आहे याची पॉलिसी हातात घेऊन खात्री केली. त्यानंतरच हेल्परच्या हाती किल्ली दिली.