बेक्सलीहीथचं रेड हाउस: विटा बघायला जा, वॉलपेपर नव्हे

लंडन ब्रिजहून बेक्सलीहीथची गाडी पाऊण तासाच्या आत पोचवते. स्टेशन लंडनच्या भाडेक्षेत्रातल्या झोन 5 मध्ये आहे, त्यामुळे ऑइस्टर हे लंडनचं प्रवासकार्ड किंवा कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. पुढे पंधरा-वीस मिनिटं पायी, एकसारख्या घरांच्या गल्ल्यांतून. इथे कसलं ऐतिहासिक घर, असं मनात येतं तोच विटांची उंच भिंत लागते.

वॉलपेपर आणि कापडांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस याने 1859-60 मध्ये हे घर बांधून घेतलं तेव्हा इथे सफरचंदाच्या बागा होत्या. आर्किटेक्ट त्याचा मित्र फिलिप वेब. स्वतंत्रपणे केलेलं त्याचं हे पहिलंच काम. पैसेवाल्यांच्या घरांना बाहेरून गिलावा करायची तेव्हा फॅशन होती. यांनी लाल वीट उघडीच ठेवली. आत शिरायची घाई न करता आधी बागेतून खिडक्या बघा. कुठे उभट, कुठे गोल, एकीचा दुसरीशी मेळ नाही. आतल्या खोलीला उजेड जिथे हवा, तिथे खिडकी; बाहेरून कसं दिसेल याची फिकीर वेबने केलेली नाही. घराच्या बेचक्यात विहीर आहे, तिच्यावर उंच निमुळतं कौलारू छप्पर. फोटो सगळे तिचेच काढतात.

आत दिवाणखान्यातली विटांची शेकोटी छतापर्यंत गेलेली आहे. माझी मान मात्र छताकडेच वळत होती. गिलावा ओला असतानाच त्यात नक्षीचे ठिपके टोचून ठेवलेत, म्हणजे पुढे पुन्हा रंगवताना खुणा हाताशी. मॉरिसच्या बेडरूममध्ये मोठ्या कपाटाआड दडलेलं भित्तिचित्र 2013 मध्ये उजेडात आलं. आकृत्या पुसट आहेत. गाइडला विचारा, बायबलमधला नोहा आणि त्याची नौका दाखवतील.

एवढ्या हौसेने बांधलेल्या घरात मॉरिस जेमतेम पाच वर्षं राहिला. चित्रकार मित्र बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी वेबने एक नवी बाजू आखली होती, पण 1864 मध्ये तो बेत बारगळला. पुढच्याच वर्षी मॉरिस मंडळी लंडनला गेली. नंतरच्या मालकांत 'द स्टुडिओ' या कलामासिकाचा संस्थापक चार्ल्स होम होता. दुसऱ्या महायुद्धात इथे सरकारी कचेरी थाटली गेली. 1952 मध्ये आर्किटेक्ट टेड हॉलंबीने आणखी एका कुटुंबाच्या भागीत हे घर घेतलं. मॉरिसला न जमलेलं दोन कुटुंबांचं एकत्र बिऱ्हाड असं नव्वदेक वर्षांनी इथे नांदलं! हॉलंबी 1999 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला, डागडुजी करत. माझ्या मते या घराचा खरा मालक तोच. 2003 पासून ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आता कामाचं. घर वर्षभर आणि रोज उघडं नसतं. निघण्याआधी ट्रस्टच्या वेबसाइटवर वार, वेळ आणि बुकिंग बघा. घराशी पार्किंग नाही, गाडीचा हट्ट नको. मुख्य खोल्या उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उन्हाळ्यातही स्वेटर बरोबर असू द्या. मॉरिसचं बरंचसं सामान आता इथे नाही. त्याचे पडदे-वॉलपेपर बघायचे असतील तर वॉल्थमस्टोच्या विल्यम मॉरिस गॅलरीत जा, तिथे प्रवेश फुकट आहे. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. लंडनची दोन टोकं आहेत ती.