वर्गणीसाठी दार वाजवताना

वसाहतीसाठी पैसे गोळा करण्याचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. काही जण म्हणतात की ठरलेले मासिक देखभाल शुल्क भरले की रहिवाशाची जबाबदारी संपली. इतरांचे म्हणणे असे की खरा आपलेपणा असेल, तर पैशांचा हिशेब मधे येताच कामा नये. गेली काही वर्षे मी आमच्या वसाहतीतल्या स्वयंसेवकांच्या गटात काम करते आहे आणि मला यांतले एकही म्हणणे पटत नाही. निधी जमवणे हे एक काम आणि वसाहतीची काळजी घेणे हे दुसरे, अशी विभागणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. प्रत्यक्षात मात्र शेजाऱ्याच्या दारात जाऊन, त्याची विचारपूस करून, सर्वांच्या उपयोगाच्या कामासाठी त्याच्याकडे काही मागणे, इथूनच काळजी घेण्याला सुरुवात होते, असे मला ठामपणे वाटते.

म्हणूनच मोबाइलवर एक संदेश पाठवून वर्गणी गोळा करण्याच्या पद्धतीला मी दर वेळी विरोध करते. त्या पद्धतीने पैसे लवकर येतात, हे मान्य आहे. पण ज्यांनी पैसे पाठवले नाहीत, त्यांच्याविषयी त्यातून काहीच कळत नाही. न देणाऱ्यांमध्ये कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी रुग्णालयात असते, कुणाला जुन्या एखाद्या भांडणामुळे कार्यकारिणीचे तोंड पाहायचे नसते, आणि कुणाला तर तो संदेश उघडताच आलेला नसतो. यादीत या सगळ्यांच्या नावापुढे सारखीच रिकामी जागा दिसते. दारात पाच मिनिटे उभे राहिले की त्या रिकाम्या जागांमागची वेगवेगळी माणसे दिसू लागतात, आणि पुढे काय करायला हवे हेही बऱ्याचदा तिथेच सुचते.

शेजाऱ्याची खबरबात असणे ही किती गंभीर गोष्ट आहे, हे अमेरिकेतल्या शिकागो शहराने जुलै १९९५ मध्ये अनुभवले. त्या महिन्यात आलेल्या उष्णतेच्या लाटेत तापमान ४१ अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि नेहमीच्या प्रमाणापेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. मृतांमध्ये एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मृत्यूंचा बारकाईने अभ्यास केला. त्यात त्यांनी नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकांना लागून असलेल्या भागांची तुलना केली आहे. दोन्हीकडे गरीब आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण जवळपास सारखे होते, ऊन तर एकच होते. तरीही एका भागात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४० मृत्यू झाले आणि दुसऱ्या भागात ४ पेक्षाही कमी. पहिल्या भागातली वस्ती उजाड होत गेली होती, दुकाने बंद पडली होती, लोक घराबाहेर पडायला भीत होते. दुसऱ्या भागातले रस्ते गजबजलेले होते, म्हातारी माणसे रोज बाहेर पडत होती आणि एखादी व्यक्ती दिसली नाही तर तिची चौकशी होत होती.

हा काही वर्गणीचा पुरावा नाही, याची मला जाणीव आहे. मी त्यातून एवढेच घेते की दार वाजवण्याचे निमित्त वसाहतीत सतत जिवंत असले पाहिजे. विनाकारण कुणाच्या दारात जाणे अनेकांना अवघड वाटते, विशेषतः नव्याने राहायला आलेल्यांना. पाण्याच्या टाकीसाठी किंवा जिन्यातल्या दिव्यांसाठी वर्गणी मागायची असेल, तर तो संकोच गळून पडतो आणि दोन्ही बाजूंना बोलायला विषय मिळतो. आमच्या गटातल्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगून ठेवले आहे की पावती फाडून लगेच पुढच्या दाराकडे वळायचे नाही. घरात कोण कोण आहे, कुणाला काही अडचण आहे का, अडीअडचणीला कुणाला कळवायचे, हे आपुलकीने विचारायचे. मिळालेली माहिती जिन्याच्या जबाबदार व्यक्तीजवळच राहते. ती गटाच्या सामाईक संदेशांत टाकायची नाही, हा आमचा कडक नियम आहे. लोक आपली दुखणी आणि अडचणी विश्वासाने सांगतात, आणि त्या चारचौघांत गेल्या की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

आता मागण्याविषयी. ‘वसाहतीच्या विकासासाठी सढळ हाताने मदत करा’ हे वाक्य मला कधीच आवडले नाही, कारण त्यातून देणाऱ्याला काहीच समजत नाही. ‘मागच्या जिन्याचा कठडा हलतो आहे, तो बदलायचा आहे, त्यासाठी इतका खर्च येणार आहे आणि आजवर इतके जमले आहेत’ असे सांगितले की माणूस प्रश्न विचारतो, दुसरा कारागीर सुचवतो, कधी हुज्जतही घालतो, आणि या सगळ्यातून तो त्या कामात सामील होतो. हलणारा कठडा त्याने स्वतः पाहिलेला असतो. काम झाल्यावर तो घट्ट बसलेला आहे हेही तोच पाहणार असतो. पैसे एका कामासाठी घेऊन दुसऱ्या कामाकडे वळवणे, मग ते दुसरे काम कितीही निकडीचे असो, देणाऱ्यांना विचारल्याशिवाय करू नये. हिशेबाचा कागद फलकावर लावताना त्यावर जमा आणि खर्च यांच्यासोबत उरलेली रक्कमही लिहावी, आणि बिले कुणालाही केव्हाही पाहता यावीत. खजिनदारावर पूर्ण विश्वास असतानाही रक्कम दोन जणांनी मोजावी आणि दोघांनी सही करावी. त्यामुळे खजिनदाराच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली जाते असे काहींना वाटते. मला तर तीच पद्धत त्या प्रामाणिक माणसाचे सर्वात चांगले रक्षण करते असे वाटते.

ऐच्छिक वर्गणी न देणाऱ्यांची नावे फलकावर लावण्याचा प्रस्ताव अधूनमधून येतो. मी त्याला कधीही पाठिंबा देणार नाही. देखभाल शुल्काची थकबाकी हा वेगळा विषय आहे, त्याची वसुली नियमाने व्हायला हवी. स्वखुशीने द्यायच्या पैशांसाठी मात्र कुणाला लाजवले, तर त्या वेळेपुरते पैसे मिळतात आणि तो शेजारी कायमचा दुरावतो.

मोठ्या वसाहतीत सर्वांना एकदम आवाहन केले की प्रतिसाद थंड येतो, हा अनेकांचा अनुभव असेल. मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये त्याचे कारण नेमके मांडले होते: गट जितका मोठा, तितका प्रत्येकाला आपला वाटा नगण्य वाटतो, आणि आपण काही केले नाही तरी काम होईलच व त्याचा लाभ आपल्याला मिळेलच, असे गृहीत धरले जाते. यावरचा व्यवहारी उपाय मात्र ओल्सन यांच्या सव्वादोनशे वर्षे आधीच एका शहरातल्या शेजाऱ्यांनी अमलात आणला होता. १७३६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या सोबत्यांनी आजच्या अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आग विझवण्यासाठी स्वयंसेवकांची एक मंडळी उभी केली. प्रत्येक सदस्याने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवण्यासाठी पिशव्या घरी सज्ज ठेवायच्या, आग लागली की त्या घेऊन धावायचे आणि महिन्यातून एकदा भेटून अनुभवांची देवाणघेवाण करायची, असा त्यांचा करार होता. सदस्यसंख्या मर्यादित ठेवलेली होती. आणखी लोक येऊ लागले तेव्हा त्यांना याच मंडळीत न घेता स्वतःची नवी मंडळी काढण्यास सुचवण्यात आले, आणि अशा मंडळ्या शहरभर वाढत गेल्या. आम्ही संपूर्ण वसाहतीचा एकच गट ठेवण्याऐवजी प्रत्येक जिन्याचा स्वतंत्र गट केला, त्यामागे हाच विचार होता. जिन्यातली घरे मोजकी असतात, आपण आलो नाही तर ते लक्षात येते, आणि आलो तर आपल्यामुळे काय झाले तेही डोळ्यांना दिसते.

फ्रँकलिन यांच्या मंडळीत सभेला गैरहजर राहणाऱ्याला छोटा दंड होता आणि त्या दंडाच्या पैशांतून शिड्या, आकडे आणि आग विझवण्याची यंत्रे घेतली जात. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण दंडाचा नेमका उलटा परिणाम झाल्याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातील १० पाळणाघरांचा अभ्यास केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या ६ पाळणाघरांत दंड लावण्यात आला, आणि उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढून जवळपास दुप्पट झाली. आधी शिक्षिका ताटकळत राहते याचा पालकांच्या मनाला टोचणारा विचार होता. दंड आल्यावर ती एक विकत घेता येणारी सेवा झाली. पुढे दंड काढून टाकला, तरी जुनी सवय परत आली नाही.

‘श्रमदानाला येणार नाही, त्याऐवजी पैसे देतो’ ही सवलत ठेवावी का, या प्रश्नावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली, तेव्हा हैफाचा हा अभ्यास माझ्या मनात होता. मी सवलतीच्या विरोधात मत दिले. ज्याला वेळ नाही, प्रकृतीची अडचण आहे किंवा नकोच वाटते, त्याने न येण्याला माझी हरकत नाही. त्याने स्वेच्छेने वर्गणीही द्यावी. पण एका सकाळच्या श्रमाचा दर एकदा ठरला की जे येतात त्यांच्या येण्यालाही दर लागतो, आणि मग झाडांना पाणी घालणारे आजोबा आपोआपच बिनपगारी मजूर ठरतात. फिलाडेल्फियातला दंड उपकारक आणि हैफातला अपायकारक का ठरला, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की पहिला दंड सदस्यांनी स्वतःवर लावून घेतला होता आणि त्यातून घेतलेली शिडी त्यांच्याच घरांना वाचवणार होती, तर दुसरा वरून लादलेला होता.

नियम कोणी केले, यावर नियमांचे आयुष्य अवलंबून असते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या आयुष्यभराच्या कामाचे एक मोठे फलित आहे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हा सन्मान त्यांना २००९ मध्ये मिळाला. स्वित्झर्लंडमधली सामाईक कुरणे, स्पेनमधले पाटाचे पाणी, नेपाळमधले शेतकऱ्यांनी चालवलेले कालवे अशा ठिकाणी लोक सामाईक साधनसंपत्ती पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले. नेपाळमध्ये तर शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या साध्या, कच्च्या बांधणीच्या अनेक कालव्यांनी सरकारी यंत्रणेच्या पक्क्या कालव्यांपेक्षा चांगले काम केल्याचे त्यांना आढळले, कारण कालवा दर वर्षी दुरुस्त करावा लागत असल्यामुळे वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांना एकमेकांची गरज टिकून राहत होती. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये नियम बनवण्यात नियम पाळणाऱ्यांचाच सहभाग असतो, देखरेख आपल्यातलीच माणसे करतात, पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा असते आणि तंटा मिटवायला जवळची, बिनखर्चाची जागा असते. वाहने कुठे लावायची किंवा मुलांनी कुठे खेळायचे, अशा साध्या वाटणाऱ्या पण वसाहती फोडू शकणाऱ्या प्रश्नांत मला या निरीक्षणांचा फार उपयोग झाला आहे. खेळाच्या जागेचे नियम ठरवताना मुलांनाही सभेला बोलवावे, हा आग्रह मी त्यातूनच धरला आणि आजही धरते.

स्वयंसेवेच्या मर्यादाही स्पष्ट बोलायला हव्यात. लिफ्टची दुरुस्ती, विजेच्या मुख्य पेटीतले काम, उंचावरचे काम आणि बंदिस्त टाकीत उतरणे ही कामे उत्साही रहिवाशांनी करायची नसतात. त्यात जीव जाऊ शकतो. मुख्यतः याच कामांसाठी निधी लागतो, आणि ती जाणकार माणसाला योग्य मोबदला देऊनच करून घ्यावीत. त्याचप्रमाणे सफाई कामगारांचा किंवा रखवालदाराचा पगार वाचवण्यासाठी श्रमदान करणे मला अन्यायाचे वाटते. वसाहतीची काळजी घेणाऱ्यांत तेही येतात, आणि त्यांच्या आजारपणासाठी निधीतून काही रक्कम बाजूला ठेवणे हा वसाहतीच्या देखभालीचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. सभेत बोलणारे आणि फलकावर नाव असणारे एक असतात, आणि आजारी शेजारणीची औषधे आणून देणारे, नव्या बाळंतिणीच्या घरी चक्कर मारणारे, बंद घराच्या चाव्या सांभाळणारे दुसरेच, बहुतेक वेळा बायका. हिशेबाच्या वहीत या कामाला रकाना नसतो. म्हणून वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या आधी, वर्षभरात कुणी कोणती जबाबदारी उचलली याची नोंद, त्यांच्या संमतीने, घेतली जावी, असा ठराव मी मांडला. त्यामुळे पुढच्या वर्षी कामे वाटताना कुणाच्या खांद्यावर किती भार आहे हे सर्वांना दिसले, आणि वर्षानुवर्षे तेच ते काम करणाऱ्या दोघीतिघींना विश्रांती देता आली.

सध्या आम्ही प्रत्येक जिन्यासाठी जबाबदार व्यक्तीबरोबर एक मदतनीस नेमत आहोत, शक्यतो भाडेकरूंमधून, कारण भाडेकरूंना वसाहतीच्या कामात विचारलेच जात नाही आणि मग ते लक्ष घालत नाहीत म्हणून त्यांनाच दोष दिला जातो. दोघांनी वर्षभर वर्गणीच्या फेऱ्या एकत्र करायच्या, पावतीपुस्तक आणि एकट्या राहणाऱ्यांची यादी दोघांनाही ठाऊक असायची, आणि वर्ष संपले की मदतनिसाने जबाबदारी घेऊन स्वतःचा मदतनीस शोधायचा, अशी पद्धत ठरली आहे. उन्हाळ्याच्या आधीची फेरी या नव्या जोड्या करणार आहेत. त्या वेळी गच्चीवरच्या गळतीच्या कामासाठी वर्गणी मागितली जाईल आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला, दुपारी त्यांच्याकडे कुणी डोकवावे का, आणि कुणी डोकवलेले त्यांना चालेल, हेही विचारले जाईल.