सात न वटलेले चेक

एप्रिल २०२४ मध्ये आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची खजिनदारी माझ्या गळ्यात पडली. सहकारी बँकेत एकतीस वर्षं, त्यातली निम्मी क्लिअरिंगला, म्हणजे बँकांमधले चेक वटवण्याच्या कामाला, काढलेली बाई आयतीच सापडल्यावर सोडणार कोण? कपाटाची किल्ली, तीन फायली आणि अर्धं वापरलेलं चेकबुक हातात देऊन आधीचे खजिनदार मोकळे झाले.

पहिल्याच रात्री बँकेचा ताळमेळ काढायला बसले. आपल्या वहीत एक शिल्लक, पासबुकात दुसरी. फरक कशाचा? दिले पण वटले नाहीत अशा चेकचा. असे सात निघाले. त्यातला सर्वांत जुना २०१९चा! पाच वर्षं तो ताळमेळाच्या कागदावर एका महिन्यातून पुढच्या महिन्यात उतरवला जात होता, जणू आज ना उद्या कुणीतरी येऊन भरणारच आहे.

आता तो कोणीही भरला तरी वटणार नाही. पूर्वी चेक सहा महिने चालायचा. लोक तो तेवढे दिवस बाजारात नोटेसारखा फिरवायला लागले, म्हणून रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून मुदत तीन महिन्यांवर आणली. चेक, ड्राफ्ट, पे ऑर्डर, सगळ्यांना तोच नियम. मुदत मोजायची ती चेकवरच्या तारखेपासून, तुमच्या हातात कधी पडला त्याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. त्यानंतर तो शिळा. आम्ही काउंटरवर 'शिळा' असंच म्हणायचो, मेमोवर इंग्रजीत लिहून परत पाठवायचो.

तारखेवरून आठवलं. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर होते, ते चेकवर राष्ट्रीय पंचांगाची तारीख घालायचे. '१० आषाढ १९२०'. नव्या कॅशियरने पहिल्यांदा तो चेक पाहिला तेव्हा तो हसतच माझ्याकडे आला. पण शक तारखेचा चेक बाकी सगळं ठीक असेल तर द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे. फक्त शिळा आहे की नाही हे ठरवायला इंग्रजी तारीख काढून बघायची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भारतीय सौर तारीख बारीक अक्षरात असते, तिथे बोट फिरवून मी सांगितलं, १ जुलै १९९८. मास्तर काचेपलीकडून शांतपणे बघत होते. त्यांना ठाऊक होतं.

असो. ऑडिटला बसायच्या आधी मी कमिटीपुढे विषय काढला. एक सभासद लगेच म्हणाले, "सातही चेकना स्टॉप पेमेंट देऊन टाका, विषय संपला." म्हणजे हे चेक देऊ नका असं बँकेला कळवा. म्हटलं, कशाला? बँक प्रत्येक चेकचे पैसे घेते, वर अठरा टक्के जीएसटी. मेलेल्याला पुन्हा मारायचे पैसे का भरायचे? स्टॉप पेमेंट द्यायचं ते जिवंत चेकला, म्हणजे तीन महिने उलटायच्या आत हरवला, चोरीला गेला किंवा चुकून दिला गेला तर.

आणि तिथे मात्र आळस करायचा नाही. याच सोसायटीत तो धडा अठरा हजार चारशे रुपयांना मिळालाय. ग्रिलचं काम करणाऱ्याला जानेवारीत चेक दिला. महिन्याभराने तो आला, म्हणाला हरवला, दुसरा द्या. जुन्या कमिटीने भाबडेपणाने दुसरा दिला, पहिला थांबवलाच नाही. मार्चमध्ये त्याला टेम्पोच्या डॅशबोर्डात पहिला सापडला आणि त्याच्या पोराने तोही भरून टाकला. दोन्ही वटले. बँकेची चूक काय? तिच्यापुढे सही बरोबर असलेला, मुदतीतला, खात्यात पैसे असलेला चेक आला. तिने दिला. माणूस सरळ निघाला, पैसे नव्हते म्हणून त्याने मागचं गेट फुकटात करून दिलं. आमचं मागचं गेट म्हणूनच पुढच्यापेक्षा भारी आहे.

थांबवण्याचं पत्र कसं असावं? खातं क्रमांक, चेक क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावे. यात चेक क्रमांक चुकला की सगळं फुकट, संगणक क्रमांकच बघतो. संगणकाच्या आधी आम्ही लेजरच्या पानावर लाल शाईने लिहायचो आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायचो. त्यावर वेळसुद्धा घालायचो, कारण पत्र अकराला आलं आणि चेक साडेदहाला पास झाला असेल तर भांडण तिथेच मिटतं. आता मोबाईलवरून दोन मिनिटांत होतं. एक गंमत पुष्कळांना माहीत नसते. दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्यातसुद्धा चेक थांबवायला साधारणपणे एकाची सही पुरते. थांबवलेला पुन्हा सुरू करायचा असेल तर मात्र सगळ्या सह्या लागतात.

पण पैसे द्यायचे नाहीत म्हणून स्टॉप पेमेंट टाकणारे शहाणे मी खूप पाहिलेत. "बाउन्स कुठे झालाय, मी थांबवलाय," असा त्यांचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय की थांबवलेला चेकसुद्धा चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ खाली येऊ शकतो. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने नोटीस पाठवली आणि ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत, तर कोर्टाची पायरी. देणंच नव्हतं, हे मग तुम्ही सिद्ध करत बसा.

आपल्या सात चेकचं काय? माझा खरा वाद झाला तो इथे. आधीच्या खजिनदारांनी एका वर्षी असे दोन चेक 'इतर उत्पन्न' म्हणून जमा दाखवले होते. उत्पन्न कसलं? टाकी धुणाऱ्याने टाकी धुतली, त्याचा चेक त्याच्याच खिशात शिळा झाला, म्हणून त्याची मजुरी आपली कमाई होते का? आपल्या वहीत बँकेकडची शिल्लक वाढवायची आणि समोर तेवढंच देणं दाखवायचं. माणूस आला की जुना चेक परत घेऊन नवा द्यायचा. जुन्यावरची तारीख खोडून वर सही ठोकायची नाही. सीटीएस या चेक वटवायच्या पद्धतीत खुद्द चेकऐवजी त्याचा फोटो जातो, तारीख वगळता कुठलीही खाडाखोड चालत नाही, असा नियम आहे. तारखेची सूट आहे म्हणून तिच्यावर हात चालवायची सवय मला तरी लावायची नाही. ऑडिटरने माझी नोंद मान्य केली, पण "मॅडम, फार जुनं आहे हो" असं म्हणून सुस्कारा टाकला.

सातांतले चार फोनवर मिटले. दोन माणसं सापडली नाहीत, त्यांची नावं अजून देण्यात आहेत. सातवा आमच्या जुन्या वॉचमनचा, दिवाळी २०२२च्या बोनसचा, चार हजार दोनशे. दिवाळीनंतर तो उदगीरकडे गावी गेला तो परतलाच नाही. नंबर बंद. शेवटी इस्त्रीवाल्याकडून त्याच्या मुलाचा मिळाला.

"बाबा, चेक का नाही भरला?" मुलाने फोन दिल्यावर मी वॉचमनला विचारलं.

"मॅडम, त्याच्यावर दोन रेघा होत्या. बँकेत म्हणाले, खात्यातच जमा होईल, रोख नाही. खातं नव्हतं तवा."

त्या दोन रेघा आम्हीच मारलेल्या, पैसे भलत्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून. मी मुलाच्या यूपीआयवर पैसे टाकले, व्हाउचर केलं, आणि जुन्या चेकचा फोटो मागवला. आला. चार घड्या घातलेला, रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. म्हटलं, आता फाडून टाका तो, त्याचा काही उपयोग नाही.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "सोसायटीचा शिक्का हाय त्याच्यावर. तिथं काम केलं म्हणून दाखवायला दुसरं काय न्हाई माझ्याकडं."